दाढांमधली चांदी काढली तर आईची अंगदुखी जाईल का?

प्रश्न असा आहे: "आई ५८ वर्षांची आहे, आम्ही ठाण्यात कोपरीला राहतो. गेली काही वर्षं तिची मान, खांदे, पाठ, कंबर, मांड्या सगळंच दुखतं. रात्री झोप लागत नाही, सकाळी अंग ठेचून निघाल्यासारखं असतं. संधिवाताच्या डॉक्टरांनी फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर जुनाट दुखण्याचा आजार, सांगितलं. गोळ्या चालू आहेत, फरक थोडाच. आता एका ठिकाणी सांगितलं की तिच्या दाढांमध्ये वीस-पंचवीस वर्षांपूर्वी भरलेली चांदी आहे, तिच्यात पारा असतो, तो रक्तात उतरतो आणि हे दुखणं त्याचंच आहे. आठही दाढांमधली चांदी काढायची आणि वर डिटॉक्सची सलाइनं लावायची, मिळून ९० हजार रुपये. आई तयार झाली आहे. करावं का?"

अंगदुखी जावी म्हणून चांदी काढू नका. पैसे जातील हे आहेच, पण मला जास्त काळजी त्या आठ दाढांची वाटते. मी नौपाड्यात बरीच वर्षं दातांचा दवाखाना चालवतो. उमेदीच्या काळात चांदी भरणं हे माझं रोजचं काम होतं, आता जुनी चांदी तपासणं आणि गरज असेल तिथे बदलणं हे रोजचं आहे. पारा म्हटल्यावर माणूस घाबरतो. त्या भीतीत काहीच तथ्य नाही असं म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दातात भरतात त्या चांदीत वजनाने जवळपास निम्मा पारा असतो. उरलेल्यात चांदी, कथील, तांबं आणि कधी थोडं जस्त. कॉलेजात असताना आम्ही ती छोट्या खलात घोटायचो आणि फडक्यात पिळून जादा पारा बाहेर काढायचो. चकचकीत थेंब ट्रेमध्ये इकडे-तिकडे पळायचे. पुढे बंद कॅप्सूल आल्या आणि ते थांबलं. घोटल्यावर पारा बाकीच्या धातूंशी संयोग पावतो आणि मिश्रण घट्ट होतं. तरीही चावताना, गरम चहा पिताना, दात घासताना आणि झोपेत कराकरा दात खाणाऱ्यांमध्ये तिच्यातून अगदी सूक्ष्म प्रमाणात वाफ सुटते. श्वासातून आत गेलेल्या या वाफेचा बराचसा भाग, सुमारे ८० टक्के, शरीरात शोषला जातो. म्हणजे पारा रक्तात उतरतो हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. (चांदीचा तुकडा निघून चुकून गिळला गेला तर मात्र घाबरू नका. धातुरूपातला पारा आतड्यातून जवळजवळ शोषलाच जात नाही.)

मग किती उतरतो? १९९८ साली अमेरिकी सैन्यातल्या हजारावर पुरुषांची पाहणी प्रसिद्ध झाली. चांदी भरलेल्या दर १० पृष्ठभागांमागे लघवीत लिटरला साधारण १ मायक्रोग्रॅम पारा वाढतो, असं त्यात दिसलं. दाढेला पाच पृष्ठभाग असतात: चावायचा, गालाकडचा, जिभेकडचा आणि शेजारच्या दातांना टेकणारे दोन. आईंच्या आठ दाढांमध्ये प्रत्येकी दोन पृष्ठभाग भरलेले धरले तर सोळा झाले, म्हणजे दीड-दोन मायक्रोग्रॅम. पाऱ्याशी रोज काम करणाऱ्या कामगारांसाठी अमेरिकेतल्या औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांनी ठरवलेली मर्यादा लघवीतल्या एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे (लघवीतून नेहमीच जाणारा पदार्थ, त्याच्या तुलनेत पारा मोजतात) २० मायक्रोग्रॅम आहे. दोन्ही मोजमापं तंतोतंत एक नाहीत, पण अंतर किती आहे याचा अंदाज यातून येतो.

आता दुसऱ्या बाजूने बघू. पाऱ्याची वाफ वर्षानुवर्षं खरोखरच जास्त प्रमाणात अंगात गेली तर माणसाला काय होतं, हे वैद्यकाला जुन्या काळापासून ठाऊक आहे. हात थरथरतात, अक्षर बिघडतं. माणूस चिडचिडा, लाजाळू होतो, विसरायला लागतो. हिरड्या सुजतात, लाळ सुटते, लघवीतून प्रथिनं जातात. पाठ, कंबर, मांड्या दुखताहेत, सकाळी उठवत नाही, पण हात स्थिर आहेत आणि लघवीची तपासणी स्वच्छ आहे, हे चित्र पाऱ्याच्या विषबाधेचं नाही. आईंना हातांचा कंप असेल किंवा लघवीत प्रथिनं येत असतील तर वेगळा विचार करावा लागेल, पण तो फिजिशियनने.

चांदी काढून खरंच बरं वाटतं का, हे तपासूनही पाहिलेलं आहे. तुमच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळचा अभ्यास जर्मनीतला आहे, २००८ साली प्रसिद्ध झालेला. आपल्या तक्रारी चांदीमुळेच आहेत अशी ज्यांची खात्री होती अशा ९० जणांचे तीन गट केले. एकाची फक्त चांदी काढली. दुसऱ्याची चांदी काढून वर जीवनसत्त्वं आणि खनिजं देऊन डिटॉक्स केलं. तिसऱ्या गटाच्या चांदीला हातच लावला नाही, त्यांना व्यायाम, आहार, ताण हलका करणं अशी आरोग्याची शिस्त शिकवली. वर्षभराने तिन्ही गटांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या आणि गटागटांत दखल घ्यावी असा फरक नव्हता. चांदी काढलेल्यांच्या अंगातला पारा उतरला होता, पण त्यामुळे त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त बरं वाटलं असं झालं नाही. तुमच्या आईंना जे ९० हजारांत देऊ केलंय तो दुसरा गट. फिरायला जाणं आणि झोपेची वेळ पाळणं हा तिसरा.

याच्या उलटही काही हाती आहे, तेही सांगायला हवं. नॉर्वेत अशाच रुग्णांची चांदी काढून काही वर्षं पाठपुरावा केला तेव्हा त्यांच्या तक्रारी कमी झाल्या होत्या. मात्र आपली चांदी काढली आहे हे त्या रुग्णांना अर्थातच ठाऊक होतं. जुनाट दुखण्याला भरती-ओहोटी असते. माणूस उपाय शोधतो तो बहुधा दुखणं कळसाला असताना, आणि त्यानंतर ते थोडं उतरणारच असतं. त्यात कुणीतरी दोन तास नीट ऐकून घेतलं, आशा दिली, की मज्जासंस्था खरोखर शांत होते. त्या लोकांना वाटलेलं बरं खोटं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. ते चांदी निघाल्यामुळे झालं हे त्यातून सिद्ध होत नाही, एवढंच. लहान मुलांवरचे दोन मोठे अभ्यास, एक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड भागातला आणि एक लिस्बनचा, २००६ मध्ये एकाच वेळी प्रसिद्ध झाले. दोन्हीकडे पाचशेच्या वर मुलं होती, काहींना चांदी भरली, काहींना दातासारखं पांढरं भरलं आणि काही वर्षं त्यांची बुद्धी, स्मरण, हालचाल तपासली. फरक आढळला नाही.

मग सगळं जग चांदी बंद का करतंय, हा प्रश्न मला दर आठवड्याला कुणीतरी विचारतं, आणि प्रश्न रास्त आहे. नॉर्वेने २००८ साली, स्वीडनने २००९ साली ती जवळजवळ बंद केली, युरोपीय महासंघाने जानेवारी २०२५ पासून. पाऱ्यासंबंधीचा मिनामाता करार २०१३ मध्ये झाला, भारताने तो २०१८ मध्ये मान्य केला, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये जिनीव्हाच्या बैठकीत २०३४ पर्यंत दातांची चांदी थांबवायचं ठरलं. यामागचं मोठं कारण पर्यावरण आहे. आमच्या बेसिनमधून गटारात, गटारातून खाडीत पारा जातो. गाळातले जिवाणू त्याचा मिथाइल पारा बनवतात. तो लहान माशात, मग त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात साठत जातो. जपानच्या मिनामाता गावात १९५६ साली उघडकीला आलेला भयंकर आजार कारखान्याच्या सांडपाण्यातल्या या मिथाइल पाऱ्याने झाला, मासे खाऊन. त्या आजारी मुलांचे फोटो दातांच्या चांदीच्या मेसेजला चिकटवून फिरवले जातात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं, कारण तो पारा वेगळा, मार्ग वेगळा आणि प्रमाण तर कित्येक पटींनी वेगळं.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२० मध्ये जे सांगितलं ते मला सगळ्यांत समतोल वाटतं. गरोदर, मूल होऊ देण्याच्या विचारात असलेल्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, विशेषतः सहा वर्षांखालची, मूत्रपिंडाचा आजार असलेले, मल्टिपल स्क्लेरोसिस, पार्किन्सन, अल्झायमरसारखे मेंदू-मज्जातंतूंचे आजार असलेले आणि पाऱ्याची किंवा चांदीतल्या इतर घटकांची ॲलर्जी असलेले, यांना शक्य तिथे नवी चांदी भरू नये. त्याच निवेदनात पुढे हेही आहे की आधीपासून असलेली चांदी सुस्थितीत असेल तर वैद्यकीय गरज नसताना काढू नये, कारण काढताना वाफ एकदम जास्त सुटते आणि चांगला दातही जातो. मेसेजमध्ये पहिला भाग येतो, दुसरा येत नाही.

काढताना काय होतं ते जवळून सांगतो, कारण पेशंटला हे कुणी दाखवत नाही. वीस-पंचवीस वर्षांची चांदी दाढेत नुसती चिकटलेली नसते. ती धरून राहावी म्हणून आम्ही खड्डा तळाशी रुंद आणि तोंडाशी किंचित अरुंद असा कोरलेला असतो. ती बाहेर काढायची तर ड्रिलने आडवे-उभे छेद देऊन तुकडे करावे लागतात, आणि कितीही जपून केलं तरी कडेचा निरोगी दात थोडा कापला जातो. तळाशी गेलं की खाली नस किती जवळ आहे हे त्या क्षणी कळतं. जुन्या खोल चांदीखाली कधी कधी कागदाएवढाच थर उरलेला असतो. नस उघडी पडली की रूट कॅनाल, रूट कॅनालनंतर कॅप. माझ्याकडे डोंबिवलीच्या एक बाई आल्या होत्या. दुसरीकडे एका महिन्यात त्यांच्या सगळ्या चांद्या काढल्या होत्या. अंगदुखी होती तेवढीच होती, आणि जोडीला दोन दाढांमध्ये रात्रीचा ठणका सुरू झाला होता. दोन्हींचं रूट कॅनाल करावं लागलं. अंगदुखीचा शेवटी वेगळा शोध घेतला तेव्हा थायरॉइड कमी निघालं.

काही वेळा चांदी काढावीच लागते. खाली नवी कीड लागली, कड उघडी पडून अन्न अडकतंय, चांदी फुटली, दाढेला चीर गेली, तर ती बदलायलाच हवी. आणखी एक प्रकार चांदीशी खरोखर जोडलेला आहे. चांदीला जिथे गाल किंवा जीभ टेकते नेमक्या त्याच जागी पांढरी जाळीदार रेघ किंवा लालसर चट्टा येतो, तिखट लागलं की आग होते. ही धातूची स्थानिक प्रतिक्रिया असू शकते, आणि तेवढीच चांदी बदलल्यावर चट्टा बहुतेक वेळा जातो. तोंडभर किंवा चांदीपासून दूर चट्टे असतील तर मात्र तो वेगळा आजार, त्याची आधी तपासणी हवी. चट्टा कुठलाही असो, दोन-तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवायचाच, तंबाखू-मिश्री असेल तर आणखी लवकर.

काढायची वेळ आलीच तर डॉक्टरांना विचारा: रबर डॅम (तो दात सोडून बाकी तोंड झाकणारा रबरी पडदा) लावणार का, जोरदार सक्शन आहे का, भरपूर पाण्याखाली आणि तुकडे करून काढणार का, बारीक भुगा करणार की नाही. गरोदरपणात निकड नसेल तर हे काम पुढे ढकलायचं. काढल्यावर काही दिवस रक्तातला-लघवीतला पारा थोडा वाढतो आणि पुढच्या महिन्यांत उतरत जातो. शरीर तो मूत्रपिंडातून आपोआप टाकतं, त्यासाठी सलाइन लागत नाही.

डिटॉक्सबद्दल मला थोडं कडक बोलावं लागेल. काही ठिकाणी आधी एक औषध देतात, जे शरीरातले धातू ओढून लघवीत आणतं, आणि त्यानंतरची लघवी तपासतात. औषध दिल्यावर कुणाच्याही लघवीत धातू जास्त येणार, तुमच्या-माझ्याही. मग तो आकडा औषध न घेतलेल्या माणसांच्या पट्टीवर ठेवून लाल रंगात छापतात. अमेरिकेतल्या विषवैद्यकाच्या तज्ज्ञांच्या संघटनेने या पद्धतीविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. आईंचा असा रिपोर्ट काढला असेल तर तो बाजूला ठेवा. आणि ईडीटीए नावाचं, धातू ओढून काढणारं सलाइन असेल तर नावासकट विचारा. त्याच्या चुकीच्या प्रकाराने रक्तातलं कॅल्शियम कोसळून मृत्यू झाल्याची अमेरिकेत नोंद आहे. मनाची शंका जात नसेल तर कुठलंही औषध न घेता, क्रिएटिनिनसकट साधी लघवीतल्या पाऱ्याची तपासणी फिजिशियनच्या सल्ल्याने करून घ्या. आदल्या तीन-चार दिवसांत मासे खाऊ नका.

ती तपासणी खरंच जास्त आली तर दाताआधी घरात शोध घ्या. गोरं करणारं, कंपनीचं नाव नीट न छापलेलं क्रीम कुणी आणून दिलंय का? केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीममधल्या पाऱ्याने मूत्रपिंडं बिघडलेल्या रुग्णांची मालिकाच डॉक्टरांनी नोंदवली. अंगदुखीवर कुणी पुड्या दिल्यात का? रसकल्पांमध्ये, म्हणजे आयुर्वेदातल्या पाऱ्याच्या औषधांमध्ये, पारा हा मूळ घटकच असतो, आणि ते कुणी, कसे, किती दिले हे कळल्याशिवाय घेत राहू नयेत. बोस्टनमध्ये विकल्या जाणाऱ्या, दक्षिण आशियात बनलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. दाढेतल्या पाऱ्याला घाबरलेल्या पेशंटच्या पिशवीत पाऱ्याचं औषध मला सापडलेलं आहे. माशांचं म्हणाल तर बोंबील, मांदेली, बांगडा बिनधास्त खा. मोरीसारखे (शार्क) मोठे शिकारी मासे मात्र रोजच्या रोज नकोत.

आता दातांच्या फिलिंगचा आणि जुनाट दुखण्याचा खरा संबंध कुठे येतो ते बघू, कारण तो येतो. तोंडात, जबड्यात, गालात, कानापाशी, कानशिलात. आणि इथे चांदी असो की पांढरं सिमेंट, फरक पडत नाही.

सर्वांत साधं आणि सर्वांत जास्त वेळा निसटणारं कारण म्हणजे उंच राहिलेलं फिलिंग. कळव्याच्या एका शिक्षिकेला तीन-चार महिने उजवा गाल, कान आणि डोक्याची ती बाजू दुखत होती. कानाच्या डॉक्टरांकडे झालं, मेंदूचा स्कॅन झाला, सगळं स्वच्छ. दुखणं कधी सुरू झालं हे दिवसांवर नेऊन विचारल्यावर कळलं, दाढ भरली त्याच आठवड्यात. निळा कागद दातांमध्ये धरून चावायला लावलं. बाकी सगळीकडे फिकट ठिपके उमटले आणि नव्या फिलिंगच्या मागच्या कोपऱ्यावर एकच गडद, मध्ये पांढरा डोळा असलेला ठिपका. एवढीशी उंची, पण झोपेत जबडा रात्रभर त्या एका बिंदूवर घासत होता आणि गालाचे स्नायू आखडत होते. तो कोपरा घासून पॉलिश केला. दाढ आठवड्यात शांत झाली, स्नायूंना आणखी महिना लागला.

दुसरं कारण चीर. मोठ्या जुन्या चांदीच्या दाढांचे सुळके, म्हणजे चावायच्या बाजूचे उंचवटे, कमकुवत झालेले असतात. चावताना नाही, तर चावून दात उघडताना सणक येत असेल, तीही कधी येते कधी नाही, एक्स-रेत काही दिसत नाही, तर हे ओळखीचं लक्षण आहे. प्रत्येक सुळक्यावर वेगवेगळं चावायला लावून ती शोधतात. वेळेवर कॅप बसवली तर दाढ वाचते.

तिसरं जबड्याचा सांधा आणि चावण्याचे स्नायू. फायब्रोमायल्जिया असलेल्यांमध्ये हा त्रास पुष्कळ आढळतो. सकाळी जबडा जड असणं, जांभई देताना कट्-कट् वाजणं, कानापुढे दाबल्यावर कळ येणं. आईंना हे असेल तर त्यांच्या एकूण दुखण्यातला एक भाग खरोखर तोंडाशी आहे आणि त्यावर उपाय आहे: मऊ खाणं, ओला गरम शेक, जबड्याचे व्यायाम, रात्री घालायची प्लेट. यात दात कापायचे नसतात.

चौथं, नसांचं दुखणं. तोंड धुताना, वारा लागताना, पावडर लावताना चेहऱ्याच्या एका बाजूला विजेच्या झटक्यासारखी, काही सेकंदांची कळ येते आणि मधे मधे काहीच नसतं. हे ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. यात एकामागून एक चांगल्या दाढा काढून घेतलेले लोक मी पाहिलेत, कळ तशीच. यावर कार्बामाझेपिन हे मुख्य औषध आहे आणि ते न्यूरॉलॉजिस्टने सुरू करायचं. याखेरीज रूट कॅनाल किंवा दात काढल्यावरही त्या जागी महिनोन्‌महिने ठुसठुस राहणारा एक प्रकार असतो, जिथे दात निर्दोष असतो आणि नसच दुखत असते. तिथे पुन्हा पुन्हा दातावर काम केल्याने दुखणं वाढतं.

दोन गोष्टी अशा आहेत की ज्यात आमच्याकडे येऊच नये. ठाणे स्टेशनचा जिना चढताना जबडा आणि छाती भरून येते, थांबलं की जातं, तर हृदय तपासा, त्याच दिवशी. आणि पन्नाशीनंतर नव्याने कानशील दुखू लागलं, चावता चावता जबडा थकून थांबावं लागतं, नजर अंधुक होते, तर ती आणीबाणी आहे, उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

आईंच्या अंगदुखीवर मी दंतवैद्य म्हणून फार बोलू नये, पण काही विचारून घ्या. फायब्रोमायल्जिया म्हणण्याआधी टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, हिमोग्लोबिन, ईएसआर आणि सीआरपी (अंगातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) झालं होतं का? इतक्यात पुन्हा झालंय का? शाकाहारी घरांत बी-१२ आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांत ड कमी असणं नेहमीचं आहे. वय पन्नाशीपुढचं, दोन्ही खांदे आणि मांड्या सकाळी तासभर आखडलेल्या आणि ईएसआर वाढलेला असेल तर वेगळा आजार असू शकतो, ज्याला स्टेरॉइडच्या छोट्या डोसने झटकन आराम पडतो. हे सगळं ठीक असेल तर फायब्रोमायल्जिया हे निदान खरं धरा. त्यात मज्जासंस्थेची वेदना टिपण्याची पातळीच बदललेली असते. रक्तात, एक्स-रेत काही न दिसणं म्हणजे दुखणं मनाचं असणं नव्हे, हे घरातल्या सगळ्यांनी आईंना सांगायला हवं. "सगळं नॉर्मल आहे" असं वर्षानुवर्षं ऐकलेलं माणूस, "हे बघा, हे कारण" म्हणणाऱ्या पहिल्या माणसावर विश्वास ठेवतं. आई तयार झाल्या त्यामागे हे असेल असं मला वाटतं. तेव्हा त्यांना नुसतं नको म्हणू नका. त्या ९० हजारांतला छोटा भाग चांगल्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा. रोज थोडं थोडं वाढवत नेलेलं चालणं, तलावपाळीला एक फेरी इतक्यानेही सुरुवात होते, आणि झोपेची ठरलेली वेळ, यांना या आजारात औषधाइतकंच महत्त्व आहे. पहिले दोन-तीन आठवडे दुखणं थोडं वाढल्यासारखं वाटेल, तेव्हा सोडून देऊ नका.

शेवटी एक गोष्ट जी त्यांना बहुधा कुणी सांगितलेली नसेल. या दुखण्यावर देतात त्या ॲमिट्रिप्टिलिन, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबॅलिन या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि ड्युलोक्सेटिनने काहींना दात खाण्याची सवयही लागते. लाळ कमी झाली की जुन्या फिलिंगच्या कडेने आणि हिरडीलगत कीड झपाट्याने लागते. अंगदुखीचे पेशंट माझ्याकडे येतात ते अनेकदा यामुळे. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. दिवसभर साध्या पाण्याचे घोट, कोरडेपणासाठी चघळल्या जाणाऱ्या खडीसाखर-गोळ्या बंद, १००० ते १४५० पीपीएम फ्लोराइडच्या पेस्टने दोनदा दात घासणं, रात्री घासल्यावर चूळ न भरता नुसतं थुंकणं, आणि सहा महिन्यांनी तपासणी.

दुसरं मत हवं असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय, नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, किंवा ट्रान्स-हार्बर लोकलने जायला सोपं म्हणून नेरूळचं डी. वाय. पाटील, यांच्या ओरल मेडिसिन विभागात जा. चेहऱ्याचं-जबड्याचं दुखणं हा त्यांचाच विषय आहे आणि खर्च बेताचा येतो. जाताना चालू गोळ्यांची यादी, जुने एक्स-रे आणि ते ९० हजारांचं कोटेशन घेऊन जा. एकेका दाढेची कड, चाव आणि एक्स-रे बघायला सांगा. एक-दोन चांद्यांमध्ये खरोखर बिघाड निघाला तर तेवढ्याच बदला.